मुंडाशावरची सोनसळी

पूर्वी हेमपूर नगरात राजा वज्रबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. अमात्य शहाणा, राजा हौशी. हौसेला मोल नसते म्हणतात, पण तिथे मोल मोजत होते ते पक्षी.

त्या दरबाराची रीतच तशी होती. प्रत्येकाने मुंडाशात पीस खोवायचे. पक्षी जितका दुर्मीळ, तितकी बैठक सिंहासनाजवळ. झाले! एखादा पक्षी कमी होऊ लागला रे लागला, की सगळा दरबार जाळी घेऊन त्याच्याच मागे. अशा सतरा जाती राज्यातून नाहीशा झाल्या. बोधिसत्त्व कावळ्याचे गळलेले पीस लावी, म्हणून तो पार दाराशी, वहाणांजवळ बसे.

एके दिवशी सेनापती रणधूम धापा टाकीत आला. "महाराज, सोनसळी पक्ष्याची शेवटची मादी आपल्याच बागेत, बकुळीवर अंडी उबवते आहे. नराचे पीस माझ्या मुंडाशात आहेच. तिचे आपल्याला शोभेल!"

"मग उभा काय राहिलास? आण की!"

बोधिसत्त्वाने ओळखले: ही गेली की सोनसळी संपली. पण 'दया करा' म्हटले, तर राजा नुसता हसेल, हे तो जाणून होता. तो दारातूनच म्हणाला, "महाराज, मेलेल्याचे पीस काय, सेनापतीही लावतात. जिवंत सोनसळी आपणहून ज्याच्या डोक्यावर बसली, असा राजा मात्र पृथ्वीवर एकही नाही."

"एकही नाही?" राजाचे डोळे चमकले.

"एकही नाही. फक्त हलायचे नाही हं. आणि ती भ्यायली, की मान कायमचा गेला."

लगेच राजा मुंडाशावर राळ्याचे मूठभर दाणे ठेवून बकुळीखाली उभा राहिला. राजा उभा, म्हणून दरबारही उभा. दिवसामागून दिवस बुजगावण्यांची ती रांग तशीच. एका सरदाराला शिंक आली, तर शेजाऱ्याने त्याचे नाक धरले.

अकराव्या दिवशी सोनसळी खाली उतरली, राजाच्या डोक्यावर बसली, राळे टिपले आणि निवांत शिटली. रणधूम पुसायला धावला.

"खबरदार हात लावशील तर!" राजा ओठही न हलवता पुटपुटला. "आमचा मान आहे तो."

वर घरट्यात तीन पिल्ले चिवचिवत होती. राजा आनंदाने वेडापिसा झाला. त्याने सगळी जाळी जाळायला लावली, पिसांची रीत मोडली. मग म्हणाला, "अमात्या, त्या सतरांनाही बोलाव. त्यांच्यासाठीही मी उभा राहीन."

बोधिसत्त्वाचे डोळे भरून आले. "महाराज, आता किती उभे राहिलात तरी ते यायचे नाहीत."

राजा मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

एवढे भिक्षुसंघाला सांगून भगवान शास्ता म्हणाले, "त्या जन्मीचा राजा म्हणजे हा पुढे बसलेला स्थविर उग्रसेन, अजून मान ताठच धरतो. रणधूम म्हणजे काल चीवराच्या रंगावरून भांडलेला भिक्षू. सोनसळी ही भिक्षुणी चंपिका, आणि अमात्य मी. ही प्रज्ञेच्या पूर्णतेची, प्रज्ञापारमितेची कथा."

"आणि ते सतरा पक्षी, भन्ते?" कोणीतरी विचारले.

शास्ता म्हणाले,

"जीव कुठे ना कुठे जन्मले. पण त्या पिसांत पुन्हा जन्म घ्यायला आईच उरली नव्हती."