बाबूराव उठत नाही

"मग सर, माझीच सही का अडली?"

शलाका गिरमेने कागद टेबलावर ठेवला. वर्गात पहिली आलेली पोरगी. उद्यापासून रुग्णवाहिकेवर जायचं, तर त्या कागदावर तांबोळी सरांची सही हवी. बाकी अकरा जणांना ती केव्हाच मिळाली होती.

तांबोळी सर बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढून इथे शिकवायला आलेले. बोलण्यात महाकंजूष.

त्यांनी विचारलं, आजवर किती वाचवले?

"छत्तीस, सर. एकदाही हुकले नाही."

हे छत्तीस म्हणजे एकटा बाबूराव. सरावाचा रबरी पुतळा. आकडा सांगताना तिची मान मात्र चांगलीच ताठ झाली होती.

"भीती वाटते?"

"अजिबात नाही."

सरांनी बाबूरावकडे बोट दाखवलं.

"हृदय बंद पडलंय. कर सुरू."

ती छाती दाबू लागली. कोपरं सरळ, मोजणी चोख. दोन मिनिटं झाली. एरवी या वेळी सर हातातलं बटण दाबत, मशीनच्या पडद्यावरची रेघ उड्या मारू लागे आणि वर्ग टाळ्या वाजवी.

आज सरांचं बोट हललं नाही.

पाच मिनिटं... आठ... तिचा घाम बाबूरावच्या छातीवर टपकू लागला. मागे बाकीचे अकरा जण घड्याळाकडे बघत उभे होते.

बारा. रेघ सरळच.

"सर, मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे."

"मग माझं कुठे चुकलं?"

"कुठेच नाही."

...

"पुरे," सर म्हणाले. त्यांनी बाबूरावच्या तोंडावर चादर ओढली.

"बाहेर बाकावर याची बायको बसली आहे. जा, सांग तिला."

बाहेरचा बाक रिकामा आहे, हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं. आत येताना तिने स्वतःची पिशवी त्यावर ठेवली होती. तरी ती दाराशी गेली, कडीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

कडी काढवेना. छत्तीस वेळांत एकदाही न अडलेला हात. सगळ्यांसमोर तिला स्वतःची लाज वाटली.

कडी सोडून ती मागे वळली.

"सर... भीती वाटतेय."

सरांनी खिशातलं पेन काढलं.

"आण तो कागद."