सूर्यघड्याळाची वाटणी

गुंजीकर सर मुख्याध्यापक झाल्यापासून शाळेत कामापेक्षा नियमाला मान जास्त होता. दहावीतल्या तनुजाने शेवटच्या प्रकल्पासाठी सूर्यघड्याळ केलं. तासांच्या रेघा आखायला गणित लागलं आणि काठी उत्तरेकडे नेमकी कलती ठेवायला भूगोल, म्हणून दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी तो प्रकल्प आपापल्याकडे धरायचं कबूल केलं.

सरांनी मात्र नकार दिला. "एकच आहेर दोन लग्नांत द्यायचा नसतो, पोरी. प्रदर्शनात गणिताचं गणितात ठेव, भूगोलाचं भूगोलात. नाहीतर एका विषयात शून्य."

"बरं सर," तनुजा म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानाच्या एका टोकाला, गणिताच्या टेबलावर, तासांची पाटी होती आणि दुसऱ्या टोकाला, भूगोलाच्या टेबलावर, ठोकळ्यात रोवलेली नुसती काठी. सर शिक्षणाधिकारी बाईंना ऐटीत काठीपाशी घेऊन आले. "हे आमच्या शाळेचं सूर्यघड्याळ."

"छान. मग किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"बाई, सावली इथे भूगोलात पडते," तनुजा शांतपणे म्हणाली, "पण तास तिकडे गणितात आहेत. दोन्ही एकत्र आणायची सरांची परवानगी नाही."

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी घसा खाकरला, भर उन्हात मैदान ओलांडून ती जड पाटी स्वतः उचलून आणली आणि काठीखाली सरकवली. सावली साडेअकरावर पडली.

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "बरोबर आहे. आता सांगा सर, ही वेळ गणितातली की भूगोलातली?"

सरांनी घाम पुसला. "दोन्हींतली," ते म्हणाले.