राणीचा उजवा हात

त्या राज्यात पाणी पुष्कळ होते, पण ते प्यायला जाण्याची छाती कुणाची होत नसे. कुंड राजवाड्याला लागून होते आणि वाटेवर कायम पहारेकरी उभे असत. पुढे एका राणीला या गोष्टीची लाज वाटली. मरण्यापूर्वी तिने पहारे उठवले आणि कुंडाच्या तोंडाशी आपला काशाचा पुतळा उभा करायला सांगितले. ओताऱ्याने पुतळ्याचा उजवा तळहात समोर उचललेला ठेवला. अभय. भिऊ नका, या, असा त्याचा अर्थ.

घोळ झाला तो तिथेच. लोकांनी उचललेला तळहात आजवर फक्त पहारेकऱ्यांचाच पाहिला होता आणि त्याचा अर्थ एकच होता, थांब. ते यायचे, लांबूनच नमस्कार करायचे आणि रिकाम्या घागरी घेऊन माघारी फिरायचे. कारभारी मात्र खूश होते.

"राणीसाहेबांचा दरारा पाहा," ते म्हणत. "पाणीसुद्धा कुणी मागत नाही."

काशातल्या राणीचा जीव तीळतीळ तुटे. ओताऱ्याने तिच्या ओठांवर हसू ठेवले होते, पण हात पाहूनच परतणाऱ्याला ते दिसणार कुठून?

एका सकाळी सगुणा नावाची बाई तापाने फणफणलेले मूल कडेवर आणि घागर हातात घेऊन आली. हात दिसताच थबकली.

"आईसाहेब, पोराला घोटभर हवं होतं," ती पुटपुटली. "पण तुमचा हुकूम कसा मोडू?" आणि ती वळली.

राणीने हात खाली घ्यायची धडपड केली. कासे काही वाकेना. मग तिने सगळा जोर खांद्यापाशी लावला, जिथे ओताऱ्याने वेगळा ओतलेला हात जोडला होता. लोक आपल्याला या हातावरूनच राणी म्हणून ओळखतात, तो गेला तर कुणी ओळखणारही नाही, हे तिला कळत होते, आणि त्याचे तिला वाईटही वाटले. सांधा उकलला. हात धाडकन पायरीवर पडला.

सगुणाने दचकून मागे पाहिले. खांद्याशी उरलेले थोटूक पाहून ती हुकूम विसरली आणि धावतच पायऱ्यांपाशी आली.

"अगं बाई, लागलं का गं तुला?" तिने पदराने तो खांदा पुसला.

मग घागर कुंडात बुडवली. तुटलेला तळहात पायरीवर उताणा पडला होता. तिने त्याच्या खळग्यात थोडे पाणी ओतले आणि मुलाला खाली ठेवले. काशाचा अंगठा मुठीत घट्ट धरून मूल पाणी पिऊ लागले.