सखाहरीनं बिऱ्हाड हलवलं

लातुरात एक भोळा गृहस्थ राहत होता. सखाहरी त्याचं नाव. भोळी माणसं सगळीकडेच असतात, पण ती सणासुदीला तरी थोडी सुट्टी घेतात. सखाहरीचा भोळेपणा बारा महिने चालू. शिवाय त्याला सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी अडचण तिथंच होती.

त्याची बायको कस्तुरा मात्र हुशार. चौदा वर्षं ती लोकांच्या लग्नात स्वयंपाक करत होती. चुलीच्या धुरात उभं राहायचं, पाचशे पानं उठवायची आणि मागच्या दारानं घरी यायचं. त्यातूनच एकेक करून तिनं भांडी जमवली होती. दोन मोठी पातेली, एक परात, झारे, आणि एक कढई, जिच्यात पोरगं बसवून आंघोळ घालता येईल एवढी. आपलं स्वतःचं एक स्वयंपाकघर असावं, एवढीच त्या बाईची इच्छा.

आणि तिचं नशीब उघडलं. नाशिकला मुलींच्या एका वसतिगृहात तिला काम लागलं. साठ मुली. राहायला दोन खोल्या. अट एवढीच, की भांडी स्वतःची आणायची आणि सोमवारी सकाळी सातला पोहे मुलींच्या पुढ्यात पाहिजेत. नाही जमलं तर मंगळवारपासून दुसरी बाई. ती दुसरी बाई रोज येऊन चौकशी करून जात होती.

कस्तुरा शुक्रवारीच यष्टीनं पुढं निघाली. खोल्या झाडायच्या होत्या, किराणा बघायचा होता. जाण्याआधी तिनं सगळा हिशोब बसवला. चार पाकिटं केली. टेम्पोचं, हमालांचं, जेवणाचं आणि अडीअडचणीचं. टेम्पो गफूरभाईचा, भाडं तिनं स्वतः ठरवलेलं. पैसे नेमके होते, वर रुपया नव्हता.

यष्टीच्या खिडकीतून ती म्हणाली, "अहो, सगळं सामान नीट भरा. एक खिळासुद्धा मागं ठेवू नका."

"नाही ठेवत," सखाहरी म्हणाला.

शनिवारी सकाळी तो पक्कड घेऊन बसला. कॅलेंडरचा खिळा काढला. आरशाचा काढला. मग भिंतीवरचे सगळे काढले. मग दाराच्या बिजागऱ्यांचे काढले. दार पडलं. सखाहरी दारावरून चालत बाहेर आला आणि शिडी लावून पत्र्यावर चढला. पत्र्याला खिळे पुष्कळ होते.

तेवढ्यात घरमालक नागनाथअप्पा आले.

"सखाहरी, अरे, कामून उचकटायलास हे?"

"कस्तुरानं सांगितलंय. एक खिळा ठेवायचा नाही."

"मग भिंती पण घेऊन जा की!"

"भिंतींचं ती काही बोलली नाही. विचारून सांगतो."

त्यानं पत्र्यावरूनच फोन लावला. खिळ्यांचं सांगितलं, भिंतींचं विचारलं.

"अहो," कस्तुरा म्हणाली, "घर अप्पांचं आहे. दुसऱ्याचं जे असेल त्याला हात लावायचा नाही. जिथं आहे तिथंच राहू द्यायचं."

"चुकलं. आता तसंच करतो."

अडीअडचणीच्या पाकिटातून सुताराची मजुरी गेली. सखाहरीनं मात्र धडा मनात पक्का केला.

रविवारी सकाळी आठला टेम्पो आला. हमालांनी भराभर सामान चढवलं. शेवटी ओट्यावरची बाज राहिली. बाज सखाहरीची, पण तिच्यावर शेजारचे व्यंकटतात्या झोपले होते. तात्यांचं वय ऐंशी. रोज सकाळी ते या बाजेवर येऊन पेपर उघडायचे आणि दुसऱ्या पानाच्या आत घोरायला लागायचे.

"तात्यांना उठवा की," हमाल म्हणाला.

"छे, छे. हात लावायचा नाही. तात्या आपले नाहीत."

"आन् बाज?"

"बाज आपली."

"मग करायचं काय?"

"बाज न्यायची. तात्या आहेत तिथंच राहू द्यायचे."

हमालांनी बाज तात्यांसकट वर चढवली. दोरी सखाहरीनं स्वतः बांधली. फक्त बाजेला बांधली, तात्यांना लागू दिली नाही.

अंबाजोगाईला एक मोठा गतिरोधक लागला. तात्यांनी डोळे मिटूनच सवयीनं हाक मारली, "चहा आण गं!" सून काही आली नाही. त्यांनी डोळे उघडले. शेजारून एक ट्रक गेला. तात्यांनी डोळे पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, आणि मग जे ओरडले ते पुढं बसलेल्या गफूरभाईला काच बंद असून ऐकू गेलं.

सखाहरीनं फोन लावला. घडलं तसं सगळं सांगितलं.

"तात्यांना?" कस्तुरा म्हणाली. "टेम्पोत?"

"बाजेवर. एकदम आरामात आहेत. होते."

"अहो, जित्या माणसाला आधी विचारायचं असतं, बाबा, तुम्हाला यायचंय का? विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही! त्यांना आधी लातूरच्या यष्टीत बसवा."

"चुकलं. आता तसंच करतो."

तात्यांना चहा पाजला, तिकीट काढून दिलं, वर त्यांना पेपर विकत घेऊन दिला. पाकीट आणखी बारीक झालं.

बीडच्या थांब्यावर गफूरभाई हवा भरायला उतरला. निघताना बघतो तर सखाहरी गायब. सखाहरी थांब्यावर फिरत होता. पेरूवालीला विचारलं, "मावशी, तुम्हाला यायचंय का?" तिनं हाकललं. हवालदाराला विचारलं, "साहेब, यायचंय का?" हवालदारानं लायसन मागितलं. एका शेळीपाशीही तो थांबला होता, पण ती माणूस नाही हे त्याच्या वेळीच लक्षात आलं. तेवढं डोकं त्याला होतं.

झाडाखाली एक बँडपथक बसलं होतं. नऊ माणसं, ढोल, ताशे, कर्णे. नगरला लग्न होतं आणि त्यांची गाडी बंद पडली होती.

"तुम्हाला यायचंय का?" सखाहरीनं विचारलं.

नऊच्या नऊ उठली.

गफूरभाई डोकं धरून म्हणाला, "दादा, टायर बसतील."

"मी विचारलं, ते हो म्हणाले. आता काय करणार?"

ढोल बाजेवर गेला. ताशे परातीत गेले. मोठा कर्णेवाला अंगानं दांडगा होता, त्याला कुठंच जागा मिळेना. तो मोठ्या पातेल्यात बसला. पुढं नगर येईस्तोवर पातेलं त्याच्या मापाचं झालं. लोकांनी रस्त्यात हात दाखवले, म्हणून बँडवाल्यांनी वाजवायलाही सुरुवात केली.

त्यात कस्तुराचा फोन आला.

"अहो, कुठवर आलात? आणि ही वरात कुणाची?"

"आपलीच."

त्यानं बँडवाल्यांचं सांगितलं, पातेल्यात कोण बसलंय तेही सांगितलं. मग सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात रडू होतं, "माझ्या पातेल्यात? अहो, ठरलंय त्याच्यापेक्षा जास्त काही घ्यायचं नाही! कुणी कितीही आग्रह करू दे. दोन्ही हात आडवे करायचे आणि बास म्हणायचं."

"चुकलं. आता तसंच करतो."

नगरला बँड उतरला. पातेलं गफूरभाईनं आतून ठोकून सरळ केलं. तो भला माणूस होता, नाहीतर एवढ्यात दुसरा कुणी सखाहरीलाच उतरवून गेला असता.

संगमनेरला दोघं खानावळीत शिरले. पाटी होती, पोटभर जेवण दीडशे रुपये, पैसे आधी. सखाहरीनं जेवणाच्या पाकिटातून दोघांचे भरले. ताट आलं. एक भाकरी, भाजी, मूठभर भात. सखाहरीनं ते दोन मिनिटांत संपवलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

वाढपी गरम भाकरी घेऊन आला. सखाहरीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे केले.

"बास."

"घ्या की हो, पोटभर आहे."

"बास म्हटलं ना."

वाढपी भाजी घेऊन आला. बास. पिठलं घेऊन आला. पिठल्यावर लसणाची फोडणी तडतडत होती. सखाहरीनं डोळे मिटून घेतले. बास. शेवटी मालक स्वतः उठून आले. "पाहुणे, आमच्या जेवणात काही चुकलं का?"

"जेवण फार चांगलं आहे. पण बास."

समोर गफूरभाई सहावी भाकरी खात होता. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

टेम्पोत बसल्यावर सखाहरीनं आपणहून फोन केला. यावेळी आपण काहीच चुकलो नाही, हे कस्तुराला कळावं असं त्याला फार वाटत होतं.

"अगं, मी मुळीच जास्त घेतलं नाही. एका भाकरीवर उठलो."

"कसल्या भाकरीवर?"

त्यानं सांगितलं. कस्तुरा हसली का रडली, फोनवर नीट कळलं नाही.

"अहो, दीडशे रुपये भरले ना? ज्याचे पैसे भरले, ते रिकामं परत जाऊ द्यायचं नसतं! भरून घ्यायचं! गच्च!"

"चुकलं. आता तसंच करतो."

"आता काहीच करू नका. नुसते या."

आणि खरं सांगायचं तर तो नुसताच आला. सिन्नर गेलं, काही झालं नाही. नाशिक आलं, काही झालं नाही. सहाच्या सुमाराला टेम्पो वसतिगृहाच्या मागच्या आवारात लागला. कस्तुरा दारात उभी होती. तिनं टेम्पोत चढून आधी पातेली पाहिली. एकाला जरा पोचा आला होता, पण ते गळत नव्हतं. कढई धड होती. परात धड होती. ती खाली उतरली आणि पदरानं डोळे पुसत नवऱ्याकडे बघून हसली. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी सखाहरीकडे बघून हसलं होतं. त्याचा जीव सुपाएवढा झाला.

तिथल्या दोन हमालांनी तासाभरात सामान उतरवलं. स्वयंपाकघरात पातेली पालथी मांडली. कढई शेगडीवर बसली. कस्तुरानं पिशव्या घेतल्या.

"मी पोहे, कांदे, शेंगदाणे घेऊन येते. बाजार लांब आहे, तास-दीड तास लागेल. तुम्ही गफूरभाईंचे पैसे द्या. बास, तेवढंच काम."

"देतो."

ती गेली. सखाहरीनं पाकीट उघडून पैसे मोजले. रक्कम मोठी होती. त्यानं सहज विचारलं, "गफूरभाई, एवढे?"

"जाण्यायेण्याचे दोन्हीकडचे आहेत ना, दादा. भाभींनी तसंच ठरवलंय. इथं मला परतीचा माल मिळत नाही. गाडी इथून लातूरपर्यंत रिकामी न्यावी लागते."

"रिकामी?"

"रिकामी."

"आणि त्याचे पैसे आम्ही भरलेत?"

"भरलेत की. हे काय आत्ता दिलेत."

सखाहरीच्या अंगावर काटा आला. कस्तुरा हुशार खरी, पण एवढी मोठी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. बरं झालं आपण इथं आहोत, असं त्याला वाटलं. त्यानं फाटकाबाहेर जाऊन हमालांना हाका मारल्या.

"परत या! भरायचं आहे!"

"काय भरायचं?"

"सगळं. गच्च."

गफूरभाईनं दोनदा विचारलं, "दादा, नक्की?" सखाहरी म्हणाला, "घरातलंच ठरलंय." गफूरभाईला वाटलं, नवराबायकोचं काही बिनसलं असेल. परक्याच्या संसारात आपण कशाला तोंड घालायचं? तो गप्प राहिला. हमालांना अडीअडचणीच्या पाकिटातले उरलेले सगळे पैसे गेले. टेम्पो फाटकातून बाहेर पडला आणि वळला.

कस्तुरा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली. दोन्ही खोल्या स्वच्छ. स्वयंपाकघर स्वच्छ. मधोमध सखाहरी मांडी घालून बसला होता. खूश दिसत होता.

"अहो, सामान कुठंय?"

"पाठवलं."

"कुठं पाठवलं?"

"लातूरला. अगं, तू परतीचं भाडंसुद्धा भरलं होतंस! आणि गाडी निघाली होती रिकामी. मी बरा इथं होतो. एक इंच जागा सोडली नाही बघ."

"पातेली?"

"ती तर सगळ्यात आधी चढवली. जड सामान खाली लागतं."

"कढई?"

"कढईत बाकीची भांडी बसवली. नुसती कशाला जाऊ द्यायची?"

कस्तुरानं गफूरभाईला फोन लावून पाहिला, तो बंद होता. पोह्यांच्या पिशवीवरच तिनं बसकण मारली. बाहेर मुली ओरडून एकमेकींना सांगत होत्या, उद्यापासून नवी बाई, उद्या पोहे. सखाहरी थोडा वेळ शाबासकीची वाट बघत बसला. मग त्याला एक गोष्ट आठवली.

"एक मात्र राहिलं. सकाळी तिकडं सामान उतरवून घ्यायला कुणीतरी हवं. मी आत्ताच्या यष्टीनं निघतो."

कस्तुरानं रिकाम्या शेगडीकडे पाहिलं.

"अजून तासभर आहे म्हणा यष्टीला," सखाहरी पोटावर हात फिरवत म्हणाला. "दिवसभरात एकच भाकरी झालीय. तेवढ्यात वाटीभर पोहे टाकतेस का?"

"कशात?" कस्तुरा म्हणाली.