पाणपोईचं मुकं वळण

खडकसर जंक्शनात लग्नाची कुठलीही मिरवणूक पाणपोईच्या वळणावर आली, की बँडवाले वाद्यं खाली घेतात. घोड्यावरचा नवरदेव, नाचणारी पोरं, सगळे पुढच्या मारुतीपर्यंत गुपचूप चालतात. बाहेरगावच्या वऱ्हाडाला हे चमत्कारिक वाटतं. मग एके काळचे ताशेवाले भिवातात्या पानाची पिंक टाकून सांगू लागतात. रॉक अँड रोलचा बादशहा रॉनी याच गावचा. याच वळणावर त्याने पहिल्यांदा गिटार छेडली, तेव्हा स्टेशनातलं इंजिनसुद्धा शिट्टी विसरलं म्हणे. त्याच्या मानासाठी इथे दुसरं वाद्य वाजत नाही, असं सांगतात.

छान सांगतात तात्या. समोरच्या ओसरीवर तांदूळ निवडत गजराबाई ते ऐकतात, आणि दर वेळी त्यांचं तोंड कडू होतं.

रॉनी म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, रंगनाथ अवघडे. वडील येसाजी गावातल्या ब्रास बँडचे मालक. रंगाने बापाचं क्लॅरिनेट सोडलं, रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या अँग्लो-इंडियन पोरांकडून गिटार शिकून घेतली आणि कपाळावर केसांचा कोंबडा काढून मुंबई गाठली. गजराच्या लग्नात मात्र येईन, स्वतः वाजवीन, असा शब्द त्याने दिला होता. बापाने तो सगळ्या गावाला ऐकवला.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची मिरवणूक वळणावर आली आणि येसाजीने हात वर करून बँड थांबवला. "माझा रंगा आल्याबिगर एक सूर निघायचा न्हाई!" मुंबईची गाडी आली, गेली. पुढचीही आली, गेली. वऱ्हाड भर उन्हात ताटकळलं, मुहूर्त टळला. व्याह्याने हात जोडले तरी येसाजी हटला नाही. इकडे बापाचा हट्ट, तिकडे भावाचा शब्द, आणि अंगाला हळद लावून गजरा ओसरीवर उभी. शेवटी नवरदेवाचा मामा कडाडला, "पोरगी तुमच्या बँडलाच द्या आता!" आणि घोडं मागे वळलं. त्या दुपारी रंगा मुंबईच्या एका हॉटेलात वाजवत होता. त्याच कार्यक्रमाने त्याचं नाव झालं.

गजराचं लग्न पुन्हा जमलं नाही. तिच्या दारावरून लग्नाचे सूर न्यायची वाजवणाऱ्यांनाच लाज वाटू लागली. ते तेवढा रस्ता मुकाट्याने चालू लागले. रीत पडली ती अशी. पण मोडलेल्या लग्नाची गोष्ट कोण कौतुकाने सांगणार? रॉनी मोठा झाला, तसं गावाने ते मौनही त्यालाच देऊन टाकलं.

पुढे म्हातारपणी त्याचा सत्कार ठरला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. वळणावर बँड थांबला, तसं त्याने विचारलं, "का हो थांबले?"

"तुमच्या मानासाठी, साहेब," नगराध्यक्ष म्हणाले.

त्याने काळा चष्मा काढला, हात जोडले, डोळेसुद्धा पुसले. तेव्हा गजराबाई ओसरी उतरून जीपपाशी गेल्या.

"दादा, हितं काय झालं हुतं, आठवतंय का तुला?"

त्याने मायेने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "न आठवायला काय झालं, गजरे? हितंच तर म्या पयल्यांदा गिटार वाजवली."

तो खोटं बोलला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. त्याला ते खरंच तसं आठवत होतं.

आजही बँड त्या वळणावर थांबतो. पाहुणे फोटो काढतात. एखादी मुलगी ओसरीवरच्या म्हातारीला हौसेने विचारते, "आजी, रॉनीला इथे वाजवताना तुम्ही पाहिलंय का हो?"

"न्हाई बाई," गजराबाई म्हणतात. "त्यो आलाच न्हाई."