तात्यांच्या पिवळ्या ढेपी

नदीकाठच्या एका गावात कुंदा नावाची शेतकरीण होती. तीन वर्षं तिने उसाला शेणखत आणि जीवामृताखेरीज काही घातलं नव्हतं. गूळही ती तसाच करी. उकळता रस रानभेंडीच्या चिकाने निवळायचा, रंग उजळायला रासायनिक पावडर टाकायची नाही. त्यामुळे गूळ व्हायचा काळपट तपकिरी, आणि बाजारात लोक नाकं मुरडायचे.

अखेर शहरातल्या एका दुकानदार शेटेबाईंनी शंभर ढेपी मागवल्या, आणि एकाही ढेपीत पावडर नसेल असा शब्द कुंदाने दिला. माल पसंत पडला, तर दरसाल सगळा गूळ त्याच घेणार होत्या. नाही पडला, तर कुंदाला गुऱ्हाळ बंद करून ऊस कारखान्याला घालावा लागणार होता.

रस उकळायच्या मोठ्या कढईवर, काहिलीवर, बाळकूतात्या होते, गूळ शिजवण्यात पंचक्रोशीत नावाजलेले गुळवे. थेंबभर पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का बघायचे, आणि वळली की तेच म्हणायचे, "उतरवा!" वडिलांच्या मागे कुंदाला गुऱ्हाळ शिकवलं ते तात्यांनीच.

माल न्यायच्या सकाळी कुंदा ढेपींपाशी गेली आणि दचकलीच. तपकिरी ढेपींत वीस ढेपी पिवळ्याधमक!

"तात्या, ह्या अशा कशानं झाल्या?"

तात्या लहान मुलासारखे हसले. "शेवटच्या काहिलीत चिमूटभर पावडर सोडली. तुझा गूळ पहिल्यांदा शहरात चाललाय, पोरी. काळं तोंड घेऊन कशाला जाईल? ह्याच वर लाव."

कुंदा पेचात पडली. रागवावं, तर म्हाताऱ्याने मायेपोटी केलेलं. गप्प बसावं, तर दिलेला शब्द जातो. आणि माल अपुरा गेला, तर बाई सगळाच परत धाडतील.

मग एकेक करत तिने त्या वीस ढेपी बाजूला काढल्या. तात्यांचं हसू मावळलं. टेम्पोत तेही तिच्या शेजारी येऊन बसले.

"शंभर ठरल्या होत्या ना?" शेटेबाईंनी विचारलं.

"वीस ढेपींत पावडर पडली, बाई. माझ्या गुऱ्हाळात पडली, चूक माझी."

तात्या पुढे झाले. "तिची न्हाई, माझी. जन्मभर रंगावर शाबासकी मिळवली, बाई. सवय जाईना."

शेटेबाई कुंदाला म्हणाल्या, "माल शुद्ध आहे असं सांगणारे रोज येतात. अशुद्ध निघाला म्हणून घरी ठेवून येणारी तूच पहिली. ह्या ऐंशी उतरव, वीस सावकाश दे. आणि पुढच्या वर्षीचा गूळ दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

परतताना तात्या हळूच म्हणाले, "आता दुसरा गुळव्या बघ."

"म्हणजे राहिलेल्या वीस ढेपींच्या पाकाची गोळी मी बघू होय? सोमवारी काहील चढवायचीय. लवकर या."

सोमवारी गूळ उतरला, तसाच काळपट. बांधावरून कुणी तरी टोमणा मारला, "काय तात्या, हात गेला वाटतं!"

"हात हाय तिथंच हाय, बाबा," तात्या ढेप थोपटत म्हणाले. "डोळं तेवढं आत्ता सुधारलं."

तात्पर्य: रंगाला भुलून गिऱ्हाईक एकदा येतं, शब्दावर विसंबून जन्मभर येतं, म्हणून आपल्या माणसाने मायेने केलेली चूकसुद्धा झाकू नये, आणि चुकीपायी माणूस तोडू नये.