तानूआत्याची बातमी

एकदा एका आचार्यांच्या शिष्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचा छंद जडला. आचार्य वृद्ध होते आणि डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा गावात राहत. शिष्य तिशीचा, आवाज खणखणीत. टपालवाला संध्याकाळी वर्तमानपत्र टाकून जाई आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शिष्य पारावर बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाची. सगळा गाव जमे. दूरच्या राज्यातला दुष्काळ ऐकून माणसं हळहळत, कुठल्याशा मंत्र्याच्या नावाने बोटं मोडत आणि आपण फार जागरूक झालो अशा समाधानात घरी जात. शिष्यालाही वाटे, आपण गावाचे डोळे उघडले.

त्या गावाला रस्ता नव्हता. कुणी अंथरुणाला खिळलं, तर त्याला डोलीत घालून खिंडीपलीकडच्या वैद्याकडे न्यावं लागे. घरटी एका माणसाने डोलीला खांदा द्यायचा आणि चढ उन्हाआधी संपावा म्हणून उजाडताच निघायचं, ही तिथली जुनी रीत. ती कुणी ठरवून मोडली नव्हती. फक्त ती वेळ आता वाचनाला गेली होती.

पाराला लागूनच तानूआत्याचं घर होतं. एकटी म्हातारी, चार शेळ्यांवर गुजराण करणारी. एके दिवशी बांबूचा खुंट तिच्या तळपायात घुसला आणि पाय सुजला. पहिल्या सकाळी लोक म्हणाले, "एवढं वाचन झालं की निघू." वाचन संपेपर्यंत ऊन चढलं. दुसऱ्या सकाळी पुराची बातमी होती. पुरात झाडावर अडकलेलं एक पोर होतं, ते अर्ध्यावर सोडून कोण उठणार? तिसऱ्या सकाळी आत्याचं कण्हणं भिंतीतून ऐकू येऊ लागलं, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आत्ये, जरा दमानं घे, हिकडं काय ऐकू येईना!" आणि शिष्याने आवाज चढवला. हे सांगताना मला आजही त्याचा राग येतो.

आचार्य ते तीन दिवस आत्याच्या पायाला लेप लावत होते आणि दारोदार खांदे मागत होते. शिष्यालाही त्यांनी सांगितलं होतं. "आजचा अंक संपला की आलोच, गुरुदेव," असं तो म्हणाला होता.

चौथ्या सकाळी आचार्य स्वतः पारावर आले. ते तिथे कधीच येत नसत, त्यामुळे सगळे सरसावून बसले. त्यांनी शिष्याच्या हाती हाताने लिहिलेला एक कागद दिला आणि म्हणाले, "आज आधी हे वाच." गुरू आपल्यासाठी बातमी घेऊन आले, या आनंदात शिष्याने ती नेहमीच्या थाटात वाचायला घेतली.

"एका गावी एक निराधार वृद्धा पायात खुंट घुसल्याने चार दिवस खाटेवर तळमळत आहे. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला आहे. गावात धडधाकट पुरुष साठ आहेत. वैद्य अडीच कोसांवर आहे. अद्याप एकही जण उठलेला नाही."

पारावर एकदम खळबळ उडाली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक म्हातारा म्हणाला, "असल्या गावाचं पाणी पिऊ नये." गावातला किराणा व्यापारी तर उभाच राहिला. "माणसं हायत का कोण! नाव सांगा गुरुजी, कुठलं गाव हे? मी सोता जाऊन जोड्यानं मारतो एकेकाला!"

"फार लांब जायला नको," आचार्य म्हणाले. "ती बाई या भिंतीपलीकडे आहे."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मग व्यापाऱ्याने सुस्कारा सोडला आणि तो खाली बसला. "आपली तानूआत्या व्हय! मला वाटलं, कुठं खरंच काय झालंय." दोघे-चौघे हसले. कुणी म्हणालं, "उद्या नेऊ की, आता ऊन व्हईल." आणि मागून आवाज आला, "फुडचं वाच रं."

शिष्याला पुढचं वाचवेना. तो उठला. चार खांद्यांची डोली दोघांना पेलणारी नव्हती, म्हणून एका बांबूला गोधडीची झोळी बांधून गुरू आणि शिष्य भर उन्हात खिंड चढले. वाटेत आत्याने डोळे उघडले आणि विचारलं, "त्या पुरातल्या पोराचं काय झालं रं? घावलं का?" शिष्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "घावलं, आत्या."

वैद्याने पाय पाहिला आणि एवढंच म्हटलं, "दोन दिवस आधी आणायचं होतं." सूर्य मावळायच्या आत ती गेली.

परतताना खिंडीत शिष्य रडत बसला. म्हणाला, "गुरुदेव, बातम्या ऐकणं हेच पाप का?"

"नाही," आचार्य म्हणाले. "आत्याचा त्या पोरावर जीव जडला, तोही बातमी ऐकूनच. पण दूरचं दुःख आपल्याकडे हळहळीपलीकडे काही मागत नाही. ती रोज सकाळी मनसोक्त केली, की माणसाला वाटतं आपलं कर्तव्य झालं. मग शेजारचं दुःख खांदा मागायला येतं, ते त्याला दुःख वाटत नाही, अडचण वाटते. आज पारावरच्या लोकांचे डोळे खरोखर भरले होते. ते ढोंग असतं, तर मला इतकं वाईट वाटलं नसतं."

आठ दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळी आल्या. 'दुर्गम गावात उपचारांअभावी वृद्धेचा मृत्यू.' खाली गावाचं नाव होतं. त्या सकाळी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापाऱ्याने शिष्याला बातमी दोनदा वाचायला लावली, गावाचं नाव मोठ्याने घ्यायला सांगितलं. आणि त्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "किती हाल झालं असतील गं बिचारीचं!"

शिष्याने वर्तमानपत्राची घडी घातली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पारावर गेला नाही, कुणाला वैद्याकडे न्यायचं आहे का, असं विचारत दारोदार फिरला. वाचायला गावाला दुसरा माणूस लगेच मिळाला होता, त्यामुळे बहुतेक घरांत कुणीच नव्हतं. एका घरातून मात्र खोकल्याचा आवाज आला, आणि तो दार ढकलून आत गेला.